चॅम्प म्हणणारे साहेब

विक्रांत साहेबांशी मी एकदाच हात मिळवला. हात सुटल्याबरोबर त्यांनी खिशातून एक चपटी बाटली काढली, तळव्यावर थोडं सॅनिटायझर ओतलं आणि माझ्याशी बोलता बोलताच हात चोळून घेतले. करोनाची साथ तेव्हा ओसरून गेलेली होती. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि समोरच्याला काय वाटत असेल हा प्रश्न त्यांना कधी पडतच नसे. पुढे पाहिलं तर दुकानदार, हमाल, ड्रायव्हर, कोणाचाही हात हातात घेतला की ती बाटली बाहेर निघायची. हे गृहस्थ आमच्या कंपनीच्या साबण विभागाचे प्रमुख होते.

एखाद्या माणसावर लिहायचं तर मायेनं लिहावं, अशी आपल्याकडे रीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल तर वाईट बोलूच नये म्हणतात. पण साहेब गेलेले नाहीत. चांगले ठणठणीत आहेत आणि जातील तिथे वरच्या खुर्चीवर बसतात. मला त्यांची शिसारी होती, आजही आहे, आणि ती झाकून लिहिणं मला जमणार नाही.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्याचा सेल्स ऑफिसर होतो. कंपनी मोठी. टूथपेस्टपासून चहापर्यंत काय वाटेल ते बनवायची. पण आमच्या जिल्ह्यात कंपनी म्हणजे एकच वस्तू, अंगाचा हिरवा साबण. त्याला छानसं नाव होतं, वेष्टनावर छापलेलंही होतं, पण ते कोणी घेत नसे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहून नुसतं "हिरवा द्या" म्हणायचं आणि दुकानदार न बघता मागच्या फळीवर हात घालायचा. आमच्या बोअरच्या जड पाण्यातही त्याला फेस यायचा. वास साधा, कडूनिंबासारखा. वावरातून आलेल्या माणसानं अंगावर दोन तांबे पाणी घेऊन हा साबण लावला की घरातल्यांना कळायचं, आता जेवायला वाढायचं.

या साबणाचे मंगरूळपीरचे डिस्ट्रिब्युटर हरिभाऊ. माळ्याचं घर, गावाला लागून बागायत, वांगी, मेथी, कोथिंबीर. तरुणपणी भाजीची गाडी घेऊन आठवडी बाजार फिरता फिरता त्यांनी साबणाची एजन्सी मिळवली आणि पुढे बाजार भावांवर सोडून दिला. हरिभाऊ काही संत नव्हते. मिशीला पीळ देत बोलायचे, स्वतःची तारीफ स्वतःच करायचे, आणि कंपनीनं दुकानदारांसाठी पाठवलेली स्टीलची पातेली पुष्कळदा त्यांच्याच घरात दिसायची. पण एका गोष्टीत त्यांचा शब्द पक्का होता. प्रत्येक दुकानात माल टाकताना ते म्हणायचे, "बिनधास्त ठेव. खराब निंगाला तं हरिभाऊचं गोदाम उघडं हाये." आणि खराब निघालेला माल ते खरोखर परत न्यायचे. कंपनी त्यांना तो बदलून द्यायची. या एका वाक्यावर रिसोडपर्यंतच्या गावांत हिरवा साबण उभा होता, आणि हरिभाऊंची सगळी ऐटही.

आमचे जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कारखान्यात मुरलेला कोणीतरी येईल असं आम्ही धरून चाललो होतो. आले विक्रांत साहेब. ते आधी मॉलमधल्या सिनेमागृहांच्या एका साखळीत मोठ्या पदावर होते. तिथे त्यांनी पॉपकॉर्नचे डबे सोनेरी केले होते म्हणे. मालकांच्या चिरंजीवांशी त्यांची ओळख एका लग्नात झाली आणि चिरंजीवांना त्यांचं बोलणं आवडलं. ज्याला पॉपकॉर्न विकता येतात त्याला साबणही विकता येतो, असा हिशेब वरच्या मजल्यावर झाला. आमच्यापर्यंत तो कौतुकाच्या सुरात पोचला, आणि सुरुवातीला आम्हीही माना डोलावल्या.

पहिल्याच दौऱ्यात साहेब मंगरूळपीरला आले. 'ग्रामीण भारत समजून घेण्यासाठी' असं त्या दौऱ्याचं नाव होतं. हरिभाऊंनी फेटा, हार, जिलेबी असा थाट केला. साहेबांनी हार गळ्यात न घालता हातात घेतला, तिथून माझ्या हातात दिला आणि बाटली काढली. मग खुर्चीवर रेलून म्हणाले, "हे साहेब वगैरे नको हं. कॉल मी विक्रांत. आपण सगळे एक टीम आहोत."

हरिभाऊ खूश झाले. म्हणाले, "बरं झालं बाप्पा. मंग जिलेबी घ्या ना विक्रांतभाऊ."

साहेबांचा चेहरा जागच्या जागी थिजला. जिलेबी तशीच राहिली. आठवडाभरात मला वरून फोन आला की तुमच्या डिस्ट्रिब्युटरला मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवा. मी हरिभाऊंना सांगितलं, तर ते मिशीवरचा हात काढून माझ्याकडे बघतच राहिले.

"त्यानंच तं सांगतलं, विक्रांत म्हना म्हनून. मी तं वरून भाऊ लावला. अजून काय पाह्यजे त्याले?"

साहेबांना काय पाहिजे हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. स्वतः मात्र ते कोणाचंच नाव लक्षात ठेवत नसत. मी चॅम्प, ड्रायव्हर चॅम्प, आणि वयानं त्यांच्या वडिलांच्या बरोबरीचे हरिभाऊही चॅम्प. दुकानात शिरले की आधी कुठे उभं राहिलं म्हणजे फोटो चांगला येईल ते बघायचे. दुकानदार काही सांगायला लागला की मान हलवत मोबाइल चाळायचे आणि तो थांबला की म्हणायचे, "प्रॉब्लेम नको चॅम्प, सोल्यूशन दे." वाशिमच्या हॉटेलात त्यांच्या खोलीत मी मुद्दाम हिरव्याची नवी वडी ठेवली होती. सकाळी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा ती तशीच बंद होती आणि शेजारी त्यांनी सोबत आणलेल्या परदेशी साबणाची बाटली होती. जो आचारी आपल्या हातचं जेवत नाही त्याच्या घरी आपण पंगतीला बसणार नाही. आमच्या कंपनीनं त्याच्याकडे अख्खं स्वयंपाकघर सोपवलं होतं.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं. "आपण साबण विकत नाही, आपण स्वप्न विकतो." अकोल्याच्या मीटिंगमध्ये हे ऐकल्यावर हरिभाऊंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सपनानं मळ निंगते का?" मला हसू दाबायला खोकावं लागलं.

पण हसण्याचे दिवस थोडेच होते. एक चुकीचा माणूस वर बसला की तो स्वतःपेक्षा खुजी माणसं शोधून आणतो, हे मी त्या काळात डोळ्यांनी पाहिलं. साबणाला लागणारं तेल खरेदी करायला आला तो साहेबांसोबत बॅडमिंटन खेळणारा गडी. मालाची तपासणी पाहायला आल्या त्या एका हॉटेलातल्या सजावटीच्या बाई. विदर्भाचा मॅनेजर म्हणून सिनेमागृहातलाच एक तरुण आला. वाशिम मराठवाड्यात येतं ना, असं त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं. कारखान्यातल्या ज्या जुन्या केमिस्टनं या गड्यानं आणलेल्या नव्या तेलाला हरकत घेतली त्याची दूर कुठेतरी बदली झाली. बाकीच्यांनी मग साहेबांची वाक्यं पाठ केली. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांना चॅम्प म्हणू लागले.

या तरुण मॅनेजरनं आधी गाडीचे मार्ग बदलले. आमच्याकडे साबणाची गाडी गावात जायची ती आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी. दुकानदार माल भरून ठेवतो, बाजारात तो खपतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानं बंद करून मंडळी आपापल्या वावरात जातात. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही, सगळे असेच चालतात. साहेबांच्या माणसांनी नकाशावर गावं जोडली, डिझेल वाचवणारा मार्ग काढला आणि त्यात केनवड नेमकं बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आलं. मी गाडीसोबत गेलो. सगळे शटर खाली, आणि शेषरावांच्या दुकानाच्या पायरीवर एक शेळी. शेषराव म्हणजे तिथले आमचे सगळ्यात मोठे दुकानदार. शेवटी मी त्यांना वावरात गाठलं. ते कपाशीत उभे होते.

"काहून आले आज?" ते म्हणाले. "काल बाजार होता तं तुमी नाई आले. गिऱ्हाइकं हिरवा मांगून मांगून वापस गेले. तुमच्या कंपनीत कोनी मेलं का?"

मी हे वर कळवलं. उत्तर आलं की गाडी गावात पोचल्याची नोंद दिसते, मार्ग उत्तम आहे, नकारात्मक बोलू नये.

मग साहेबांनी हिरवा साबण पांढरा केला. अकोल्याच्या मोठ्या हॉटेलात दिवे मालवून, धूर सोडून, गाणं लावून त्यांनी पडदा बाजूला केला. मागे पांढरी, पातळ, चकचकीत कागदातली वडी. बाहेर सिनेमाच्या पोस्टरसारखं चित्र. टाळ्या झाल्या. हरिभाऊ टाळ्या वाजवून उभे राहिले, कारण प्रत्येक मीटिंगमध्ये उभं राहून बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"सायेब, वडी तं मस्त दिसून राह्यली. पन गिऱ्हाईक आल्यावर काय म्हनन? त्याले तं हिरवाच मालूम हाये."

"ग्रीन जुना झाला, चॅम्प," साहेब म्हणाले. "लोकांना बदलायला शिकवू या."

लोक काय बदलायचे ते बदलतील, साबण मात्र पहिल्याच उन्हाळ्यात बदलला. वडीवर तांबूस ठिपके आले, कागद ओला होऊन चिकटला, आणि वास सुटला. खवट तेलाचा वास. भज्यांच्या कढईत आठवडाभर राहिलेल्या तेलात जुनं फडकं बुडवलं तर येईल तसा. आंघोळ करून आलेल्या माणसाच्या अंगाला तो यायचा. शेषरावांच्या सुनेनं तिच्या बाळाला या साबणानं न्हाऊ घातलं आणि मग पुन्हा बेसन लावून धुतलं, हे शेषरावांनी मला भर बाजारात सर्वांसमोर सुनावलं. हे ओळखायला काही शिक्षण लागत नव्हतं, अनुभव लागत नव्हता. फक्त नाक लागत होतं, आणि वरच्या मजल्यावर ते कोणी वापरत नव्हतं.

माल परत यायला लागला. हरिभाऊ शब्दाला जागले. गावोगावचा खवट साबण त्यांनी स्वतःच्या गाडीतून उचलून आणला. त्याच सुमारास साहेबांनी फर्मान काढलं की एकदा दुकानात गेलेला माल विकला गेला असं समजायचं, कंपनी परत घेणार नाही. हरिभाऊंचं गोदाम भरत गेलं. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, आता घेनं बंद करा. कंपनी तुमच्या मांगं उभी नाई राह्यत."

"मंग मी काय सांगू लोकायले?" हरिभाऊ म्हणाले. "हरिभाऊचं गोदाम उघडं होतं, आता बंद झालं म्हनून? कंपनीनं शब्द नव्हता देल्ला, मी देल्ला होता. लोकं कंपनीकडे नाई येत, माह्याकडे येते."

साहेबांना एकदा प्रत्यक्ष दाखवलं तर फरक पडेल, अशी हरिभाऊंना आशा होती. मलाही होती. पुढच्या दौऱ्यात साहेब आले तेव्हा हरिभाऊंनी फेटा बांधला नव्हता, हारही आणला नव्हता. त्यांनी सरळ गोदामाचं दार उघडलं. आत छतापर्यंत थप्प्या, फुटलेल्या खोक्यांतून पाझरलेला चिकट ओघळ, त्यावर मुंग्या आणि उंदरांच्या लेंड्या. वास अंगावर आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि दारातच थांबले.

हरिभाऊंनी एक वडी फोडून त्यांच्यापुढे धरली. "घ्या वास. तुमचाच हाये."

"मी क्वालिटी टीमशी बोलतो."

"टीमशी कायले बोलता? मी तुमाले म्हनून राह्यलो." त्यांनी भरून ठेवलेली बादली पुढे ओढली. "एक डाव याच्यानं हात धुवून पाहा. मंग म्हना, हा माल लोकायले देऊ का नको देऊ. तुमी म्हनसान तसं करीन."

तेवढंच मागणं होतं. हात धुवा. साबण विकणाऱ्या माणसाकडे याहून लहान मागणं काय असणार? साहेबांनी बादलीकडे पाहिलं, वडीकडे पाहिलं, आणि खिशातून बाटली काढली. हात चोळत ते मला म्हणाले, "या ठिकाणी फार निगेटिव्ह एनर्जी आहे." आणि गाडीत जाऊन बसले. हरिभाऊ ती फुटकी वडी हातात धरून उभे होते. गाडीचं दार माझ्यासाठी उघडं ठेवलेलं होतं, आणि मान खाली घालून मी तिच्यात जाऊन बसलो हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

त्या महिन्यातच हरिभाऊंची एजन्सी काढून घेतली गेली. कारण दिलं, गोदाम अस्वच्छ आहे. कंपनीनंच आणलेल्या घाणीसाठी कंपनीनं त्यांना घाणेरडं ठरवलं. एजन्सी वाशिमच्या एका मोबाइल शोरूमवाल्याला मिळाली. त्याच्या काचा स्वच्छ होत्या. तो केनवडला कधी गेलाच नाही.

पुढचं सांगायला फार लागत नाही. गिऱ्हाईक "हिरवा द्या" म्हणतच राहिलं आणि दुकानातली मागची फळी रिकामी राहिली. दुसऱ्या एका कंपनीनं ते पाहिलं. त्यांनी साधा, कडूनिंबाच्या वासाचा हिरवा साबण काढला आणि बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी पाठवली. काही महिन्यांत आमचा साबण रिठदपासून मंगरूळपीरपर्यंत असा पुसला गेला की जणू कधी नव्हताच. इतर जिल्ह्यांतही हेच झालं असणार, कारण लवकरच कंपनीनं साबण विभाग विकून टाकला, अकोल्याचा डेपो बंद झाला, कारखान्यातली माणसं घरी बसली आणि मीही. त्याआधीच साहेब दुसऱ्या कंपनीत आणखी वरच्या जागी गेले होते. निरोपाच्या भाषणात मालकांचे चिरंजीव म्हणाले की विक्रांतनी आम्हाला धाडसी विचार करायला शिकवलं. मी ते मोबाइलवर पाहिलं आणि जेवत होतो ते ताट बाजूला सारलं.

मी आता वाशिमला मेव्हण्याच्या बियाण्यांच्या दुकानात बसतो. गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त मंगरूळपीरला गेलो होतो. त्या दिवशी तिथला बाजार होता, म्हणून हरिभाऊंकडे वांगी घ्यायला थांबलो. ते पुन्हा भावांसोबत भाजी घेऊन बसतात. मिशीचा पीळ गेला आहे, आवाज तसाच आहे. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की अजून म्हणतात, "घेऊन जा, कीड निंगाली तं वापस आन."

तेवढ्यात रस्त्यावर एक मोठी गाडी थांबली आणि त्यातून विक्रांत साहेब उतरले. अंगात हिरवं पान छापलेला टी-शर्ट, मागे कॅमेरावाला. शेतातून थेट शहरातल्या घरात भाजी पोचवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे ते आता प्रमुख आहेत, हे त्या कॅमेरावाल्यानंच मला सांगितलं. त्यांना शेतकऱ्यासोबत फोटो हवा होता. रांगेतून चालत त्यांनी एक चेहरा निवडला. तो हरिभाऊंचा होता.

"चॅम्प, इकडे बघ. स्माइल."

त्यांनी ओळखलं नव्हतं. मलाही नाही. चिखल लागलेला एक ओला मुळा हातात धरून ते हरिभाऊंच्या बाजूला उकिडवे बसले, फोटो झाले, मग कॅमेरावाल्याच्या सांगण्यावरून त्यांनी हरिभाऊंचा हात हातात घेतला, आणखी फोटो झाले. उठल्यावर त्यांनी चिखलानं माखलेले हात पाहिले आणि खिसा चाचपला. बाटली रिकामी होती. त्यांनी ती दोन-तीनदा दाबून पाहिली.

हरिभाऊंनी पोत्याखालून कागदात गुंडाळलेली वडी काढली, त्यांच्या हातात दिली आणि तांब्यातून पाणी ओतलं. आणि मी पहिल्यांदाच विक्रांत साहेबांना साबणानं हात धुताना पाहिलं. फेस आला. त्यांनी हात नाकाशी नेले.

"नाइस," ते म्हणाले. "कुठला आहे हा?"

"हिरवा," हरिभाऊ म्हणाले.

"ब्रँड कुठला?"

"आमच्याकडे नुसता हिरवाच म्हनते, सायेब. आंधी तुमचा होता. आता दुसऱ्याचा हाये."

साहेब हसले. काही कळलं नाही की ते असेच हसतात. "ग्रेट, चॅम्प," म्हणाले, कॅमेरावाल्याच्या रुमालाला हात पुसले आणि गाडीत बसून निघून गेले.

हरिभाऊंनी वडी हातात घेतली आणि तांब्या माझ्याकडे दिला. म्हणाले, "वत जरा पानी." मी ओतत गेलो आणि ते साहेबांनी हातात घेतलेला आपला हात धूत राहिले, आधी तळवा, मग बोटांच्या मधे, मग पार कोपरापर्यंत. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी हात धोतराला पुसले, वडी कोरडी करून कागदात गुंडाळली, पोत्याखाली ठेवली आणि मला विचारलं, "वांगे किती देऊ?"